लांबी

मोहरीच्या रंगाची साब शहाण्णव,
बत्तीस हिवाळे तावेत्तीच्या कोठारात,
टपावर बटाट्यांची पोती.
मी ती घेतली निवृत्तीच्या पैशांत.
सदतीस वर्षं यूवाच्या वाटांवर टपाल वाटून
गुडघे उरले होते दीड.

मला इंजिनातलं काय कळतं?
मला कळतात पत्ते.
म्हणून प्रत्येक नटाला एक पाकीट,
पाकिटावर त्याचं गाव: डावं चाक, आतून दुसरा.
कार्ब्युरेटरची एकट्याची अकरा पाकिटं.
एकात नुसती स्प्रिंग निघाली,
वर अक्षर माझंच, आणि मलाच लागेना.

जानेवारी. बाहेर उणे चोवीस.
तेरा नंबरचा पान्हा लावला,
तेल पाजलं, आच दिली, बाबापुता केलं,
बोल्टला पाझर फुटेना.
चौथ्या दिवशी शिवी हासडली
शेजारणीला ऐकू जाईल अशी.
तेव्हा किंचित हलला,
मग मोडला.

तावेत्ती शनिवारी येतो.
उलट्या बादलीवर बसून कॉफी फुंकतो,
शिकवत काही नाही, अडवत काही नाही.
एकदाच म्हणाला, फायबरचं दातेरी चाक बदल,
त्याचे दात न सांगता पडतात.
माझ्यासारखे.

उजव्या मडगार्डाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ.
एल्क आडवा आला, एवढाली शिंगं,
तावेत्ती हात पसरायचा,
आणि दर मयताच्या जेवणात
हात थोडे जास्त पसरायचे.

मार्चमध्ये मी तिथला रंग खरवडला.
खाली लांबी भरलेली, बोटभर जाड,
हौशी हाताची, माझ्यासारखीच ओबडधोबड,
आणि तिच्यात एक अंगठा,
ओली असताना घाईत दाबलेला,
रेषा न् रेषा शाबूत.
त्याही खाली, पत्र्याच्या घडीत
केस नाहीत, कातडं नाही.
हिरव्या रंगाची एक ढलपी, लाकडाला चिकटलेली.

तो हिरवा मी झोपेतही ओळखीन.
पाद्र्यांची टपालपेटी.
एकोणनव्वदच्या मार्चअखेर
खांबासकट आडवी, पत्रं बर्फाच्या चिखलात.
महिनाभर मी त्यांच्या दारात हातात टपाल दिलं.
आणि चौकशीच्या कागदावर मीच लिहिलं,
कारण: बर्फ काढणारी गाडी.
ती अन्सेल्मी चालवायचा.
पैसे त्याच्या पगारातून गेले.

ग्राइंडर हातात धरून मी उभी.
शनिवार होता.
तावेत्तीने ढलपीकडे पाहिलं नाही,
अंगठ्याकडे पाहिलं.
दे इकडे, म्हणाला.
चष्मा लावला. वेळ घेतला.
पांढरी धूळ भुवयांवर बसत राहिली.
"डुलकी लागली," तो पत्र्याला म्हणाला,
"भर दुपारी तीनला. काय सांगायचं लोकांना?
मग एल्क आला."

मला हसू येत होतं,
पण त्या कागदावरचं अक्षर माझं होतं.

जूनमध्ये गाडी सुरू झाली.
निळा धूर, म्हाताऱ्याचा खोकला,
आणि तीन बोल्ट शिल्लक, कुठल्या गावचे देव जाणे.
उजवं मडगार्ड बाकी अंगाहून जरा जास्तच पिवळं.
तावेत्ती शेजारी, टोपी मांडीवर.
उतारावर म्हणाला, पाय काढ.
काढला. फ्रीव्हील.
इंजिनाने चाकांचा हात सोडला
आणि आम्ही नुसते वाहत गेलो
सरोवराच्या कडेने, टायरांच्या कुजबुजीवर,
पाद्र्यांच्या पेटीवरून. ती आता प्लास्टिकची आहे.

फाट्यावर त्याने डावीकडे बोट केलं.
तिकडे एकच घर. पत्ता मला पाठ.
अन्सेल्मी अंगणात लाकडं रचत होता,
आवाजाने वळला.

इंजिन बंद करू नकोस, तावेत्ती म्हणाला,
आणि त्याच्या बाजूचं दार उघडेना.
आतला खटका मी उलटा बसवला होता.
मग मी उतरले, वळसा घालून गेले,
बाहेरून उघडलं, हात दिला.
मागे गाडी खोकत उभी.
आधी कोणी बोलायचं
हे आमचं ठरलं नव्हतं.